नाताळची घाई आणि बारा दिवसांची सवड

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला कीं ख्रिस्ती घरांत एक वाक्य वारंवार ऐकूं येऊं लागतें : "हें नाताळच्या आधीं झालेंच पाहिजे." भिंतींचा रंग, पडद्यांची धुलाई, शिंप्याकडील कपडे, करंज्या, केक, आप्तांस शुभेच्छापत्रें, मुलांसाठीं भेटी, मंडळींतील गाण्यांचा सराव, प्रार्थनामंदिराच्या सजावटीची पाळी आणि आजारी मावशीची विचारपूस, या साऱ्यांना एकच मुदत लावलेली असते, ती म्हणजे २४ डिसेंबरची रात्र. परिणाम ठरलेला. मध्यरात्रीच्या उपासनेस घरची कर्ती स्त्री येऊन बसते, तेव्हां तिचे डोळे मिटूं लागतात, आणि तें कांहीं ध्यानामुळें नव्हे. दुसऱ्या दिवशीं दुपारचें जेवण आटोपतें, पाहुणे पांगतात, आणि २६ तारखेच्या सकाळीं लग्नाचा मांडव उतरतांना वाटते तशी मरगळ घरभर पसरते. मावशीकडे जाणें मात्र राहून गेलेलें असतें.

या घाईवर नेहमीं सुचविला जाणारा उपाय म्हणजे अधिक काटेकोर यादी. यादी वाईट नाहीं. परंतु ज्या डब्यांत जागेपेक्षां अधिक उतारू बसले आहेत, त्यांतील उतारूंचीं नांवें सुवाच्य अक्षरांत लिहून काढल्यानें जागा वाढत नाहीं. खरा प्रश्न यादीचा नसून मुदतीचा आहे. नाताळ २५ तारखेस संपतो असें मनांत धरून सर्व कामें तिच्या अलीकडे कोंबलीं जातात. आणि मंडळीच्या जुन्या पंचांगाप्रमाणें पाहूं गेल्यास नाताळ त्या दिवशीं सुरू होतो.

हें पंचांग कसें घडलें तें थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून इ. स. ३५४ सालच्या एका रोमन संग्रहांत नोंदलेला आढळतो. पुढें पांचव्या शतकांत गॉल देशांत, म्हणजे आजच्या फ्रान्समध्यें, तूर येथील बिशप पर्पेत्युअस यानें ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यांतून तीन दिवस उपवास करण्याची शिस्त घालून दिली. त्याच तूर शहरीं ५६७ सालीं भरलेल्या धर्मसभेनें नाताळ आणि ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण यांच्या मधले सर्व दिवस सणाचे म्हणून मान्य केले. म्हणजे चौदा शतकांपूर्वींच वर्षाच्या या भागाचे दोन कप्पे पडले होते : आधीं वाट पाहण्याचा काळ, ज्यास आगमनकाल म्हणतात, आणि मग आनंदाचे बारा दिवस. पहिल्यांत हात आखडता, दुसऱ्यांत मोकळा. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती लोक १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचें व्रत पाळतात, तें पूर्वेकडील परंपरेंतलें याच जातीचें उदाहरण होय. जर्मनींत तर हा नियम एके काळीं इतका कडक होता कीं नाताळच्या गोड पावांत लोणीसुद्धां चालत नसे. अखेरीस सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनीं विनंती केल्यावरून पोप आठवे इनोसंट यांनीं १४९१ सालीं लोण्याची परवानगी दिली. त्यापूर्वींच्या, तेलांत मळलेल्या त्या पावाची चव कशी असेल, याची कल्पना गृहिणींनींच करावी.

उपवासाचे हे नियम पाश्चात्य मंडळ्यांत आतां फारसे उरलेले नाहींत, आणि ते जसेच्या तसे परत आणावेत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यांनीं एक मोठी व्यावहारिक सोय केलेली होती, ती नियमांबरोबर गेली. सण येईपर्यंत मेजवानी नाहीं, म्हणून आमंत्रणें नाहींत. आमंत्रणें नाहींत, म्हणून धांवपळ नाहीं. आगमनकालांत करावयाचें तें दोनच प्रकारचें : घराची तयारी आणि मनाची तयारी. भेटीगाठी, देणींघेणीं, पाहुणचार हें सर्व बारा दिवसांच्या खात्यावर जमा होतें.

मग ही वाटणी उलटी कशी झाली? तिचीं कारणें अनेक आहेत, पण व्यापार हें त्यांतलें सर्वांत बलवान. दुकानदाराचा नाताळ २४ तारखेच्या संध्याकाळीं संपतो, हें उघड आहे. २६ तारखेस त्याला उरलेला माल कमी भावानें काढावयाचा असतो. एकोणिसाव्या शतकापासून या दुकानी पंचांगानें मंडळीच्या पंचांगावर हळूहळू मात केली. यांत गंमत अशी कीं, वेळ वांचविण्यासाठीं म्हणून काढलेल्या युक्तींनींच वेळेचा अधिक फडशा पाडला. १८४३ सालची गोष्ट आहे. ब्रिटनमध्यें तीन वर्षांपूर्वीं एका पेनींत पत्र धाडण्याची सोय झाल्यापासून लंडनच्या हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याकडे सणाच्या दिवसांत पत्रांचा ढीग सांचूं लागला, आणि प्रत्येकास उत्तर लिहिण्याइतकी सवड त्याला नव्हती. त्यानें जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढविलें, त्याच्या एक हजार प्रती छापविल्या, आणि स्वतःस लागणाऱ्या ठेवून बाकीच्या एका शिलिंगास एक याप्रमाणें विक्रीस ठेवल्या. नाताळच्या कार्डाचा जन्म हा असा निव्वळ सवडीच्या अभावीं झाला. पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. उत्तर लिहिण्याचे श्रम वांचले, म्हणून पाठविण्याची माणसें वाढलीं; ज्यांना कधीं पत्र लिहिलें नसतें त्यांनाही कार्ड जाऊं लागलें, आणि त्यांचें कार्ड आलें कीं पुढच्या वर्षींच्या यादींत त्यांचें नांव कायम होऊन बसलें. आज मोबाइलवर एका बोटानें शंभरांना पाठविलेला संदेश हा हेन्री कोलच्या कार्डाचाच नातू आहे. त्याला उत्तर देतां देतां नाताळची सकाळ कशी निघून जाते, हें घरोघर दिसतेंच.

अमेरिकेंत याच घाईची दुसरी बाजू एका समाजसेविकेच्या नजरेस आली. फ्लॉरेन्स केली ही नॅशनल कन्झ्यूमर्स लीग या ग्राहकसंघटनेची चिटणीस होती. १९०३ सालीं तिनें नाताळच्या खरेदीवर एक कडक लेख लिहिला. गिऱ्हाइकें शेवटच्या दिवसांत दुकानांवर तुटून पडत, आणि त्यामुळें दुकानांतील मुलींना व निरोप पोंचविणाऱ्या पोरांना रात्रीं उशिरापर्यंत राबावें लागे. ज्या बालकाच्या जन्माचा हा उत्सव, त्याच्याच वयाचीं लेंकरें त्यांत भरडलीं जात, हें तिचें गाऱ्हाणें होतें. खरेदी लवकर उरका, अशी चळवळ यांतून उभी राहिली. तिचा हेतु दयेचा होता. पण व्यापाऱ्यांनीं तीच हांक आपल्या जाहिरातींत उचलली, आणि गर्दी कमी होण्याऐवजीं तिचा हंगाम मात्र लांबला. १९१२ सालीं न्यूयॉर्कमध्यें निरुपयोगी भेटींस आळा घालण्यासाठीं एक संस्था निघाली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिचे सभासद झाले. तुटपुंज्या पगाराच्या मुलींना वरिष्ठांच्या भेटीसाठीं वर्गणी भरावी लागे, हें त्या संस्थेच्या स्थापनेचें एक कारण. आपल्याकडील कचेऱ्यांतही अशा वर्गण्या अपरिचित नाहींत.

या सर्व कटकटीवर एक जालीम उपाय इतिहासांत होऊन गेला आहे. तो म्हणजे सणच बंद करणें. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतींत १६५९ सालीं नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठरविण्यांत आला; तो कायदा १६८१ मध्यें रद्द झाला, तरी त्या राज्यांत नाताळची अधिकृत सुटी व्हावयास १८५६ साल उजाडावें लागलें. मराठी ख्रिस्ती वाचकांस या हकीकतीशीं एक नातें आहे. १८१३ सालीं मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे याच न्यू इंग्लंडमधील कॉंग्रिगेशनल परंपरेंतून आले होते, आणि त्या काळीं त्या मंडळ्यांत नाताळ हा धार्मिक सण म्हणून पाळण्याची रीत नव्हती. सर्व दिवस देवाचेच, मग एकालाच थोरपण कां, हा त्यांचा प्रश्न क्षुल्लक नव्हता. परंतु सर्व दिवस सारखे म्हटले कीं बहुधा ते सर्व कचेरीच्या दिवसांसारखे होतात. मराठी मंडळ्यांनीं पुढें नाताळ भजनांनीं, कीर्तनांनीं आणि फराळाच्या ताटांनीं आपलासा केला, तो उगाच नव्हे.

सण ठेवावयाचा, आणि माणूसही शिल्लक ठेवावयाचें, तर प्रथम हाताशीं असलेला वेळ मोजला पाहिजे. लूकाच्या शुभवर्तमानांत, चौदाव्या अध्यायांत, बुरूज बांधूं पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तो आधीं बसून खर्चाचा अंदाज काढतो, नाहींतर पाया घालून काम अर्धवट टाकण्याची पाळी त्याच्यावर येते. पैशांच्या बाबतींत हा दाखला सर्वांस पटतो. तासांच्या बाबतींत तो कोणी लावून पाहत नाहीं.

आगमनकालांत चार रविवार असतात; पण त्याची लांबी दरवर्षीं सारखी नसते. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कोठेंही येतो. नाताळ रविवारीं आला तर आगमनकाल अठ्ठावीस दिवसांचा. सोमवारीं आला तर अवघा बावीस दिवसांचा, आणि चौथा रविवार म्हणजेच नाताळची आदली रात्र. २०२२ सालचा नाताळ पहिल्या प्रकारचा होता, २०२३ सालचा दुसऱ्या प्रकारचा. २०२८ सालीं पुन्हां सोमवार येणार आहे. आतां उदाहरणादाखल पुण्यांतील एक कुटुंब कल्पावें : पति कचेरींत, पत्नी शाळेंत, दोन मुलें आणि एक वृद्ध आई. कामाच्या दिवशीं संध्याकाळीं दोन तास, शनिवारीं सहा तास, रविवारीं उपासनेनंतर चार तास एवढी सवड त्यांना मिळते असें धरूं, आणि नाताळची आदली रात्र सोडून देऊं. मोठ्या आगमनकालांत वीस संध्याकाळांचे चाळीस, तीन शनिवारांचे अठरा आणि चार रविवारांचे सोळा, मिळून चौऱ्याहत्तर तास होतात. लहान आगमनकालांत पंधरा संध्याकाळांचे तीस, तीन शनिवारांचे अठरा आणि तीन रविवारांचे बारा, मिळून साठ. चौदा तासांचा, म्हणजे जवळजवळ पांचव्या हिश्श्याचा फरक पडला. तरी दोन्ही वर्षीं कामांची यादी तीच, केकचे सांचे तितकेच आणि गाण्याच्या तालमीही तितक्याच. लहान वर्षीं घरांत चिडचीड अधिक कां होते, याचें उत्तर पुष्कळदां स्वभावांत नसून पंचांगांत सांपडतें. यांत महाराष्ट्रापुरती आणखी एक अडचण अशी कीं, येथें सार्वजनिक सुटी २५ डिसेंबरची एकच. दिवाळीसारखी सुट्यांची माळ नाताळास नाहीं. एक दिवस रजा काढावयाची झाल्यास ती २४ ला काढावी कीं २६ ला, हा म्हणूनच विचार करण्याजोगा प्रश्न आहे. बहुतेक लोक २४ ला काढतात, आणि ती बाजारांत खर्च होते.

हे साठ किंवा चौऱ्याहत्तर तास कोणत्या कामांस द्यावयाचे, याची कसोटी सोपी आहे. जें काम नाताळच्या दिवसानंतर केल्यास निरर्थक होईल तेंच आधीं करावयाचें. गाण्यांचा सराव आधींच हवा. मुलांचे कपडे आधींच हवेत. पण जुन्या मित्रास लिहावयाचें पत्र ३० डिसेंबरला लिहिलें तर तें शिळें होत नाहीं. उलट शंभर कार्डांच्या ढिगांत न सांपडल्यामुळें तें वाचलें जातें. शेजाऱ्यांना चहाला बोलावणें, बहिणीच्या घरीं जाणें, दूरच्या भाच्यास भेट पाठविणें, या सर्वांस बारा दिवसांत प्रशस्त जागा आहे. पडदे धुण्याचें काम तर वर्षांतून केव्हांही करतां येतें, आणि बेथलेहेमच्या गोठ्यास पडदे होते असें कोठें लिहिलेलें नाहीं.

स्वयंपाकघरापुरतें बोलावयाचें तर तेथील शहाणपण जुनेंच आहे, फक्त तें विसरलें जात आहे. इंग्लंडांतील अँग्लिकन घरांत नाताळचें पुडिंग ढवळण्याचा दिवस आगमनकालाच्या आधींचा शेवटचा रविवार हा ठरून गेला होता. त्या दिवशींच्या प्रार्थनेचा आरंभ ज्या शब्दांनीं होतो त्यांत ढवळण्याचा उल्लेख आहे, आणि प्रार्थनामंदिरांत तो ऐकला कीं गृहिणींना घरच्या पातेल्याची आठवण होई. यांतली विनोदाची बाजू सोडली तरी नियम पक्का होता : जें टिकतें, किंबहुना जें मुरल्यानें सुधारतें, तें सर्वांत आधीं. मुंबई-पुण्याकडील घरांतही केकसाठीं सुका मेवा नोव्हेंबरांतच रममध्यें किंवा संत्र्याच्या रसांत भिजत घातला जातो, तो याच न्यायानें. त्यानंतर दोदोल, तांदळाचें पीठ, गूळ आणि नारळाचें दूध तासन् तास आटवावें लागत असल्यामुळें त्याला एक अख्खा शनिवार द्यावा, आणि ढवळणारे हात दोनाहून अधिक असावेत. मग कुलकुल, शंकरपाळी आणि चकल्या, ज्या डब्यांत आठवडे राहतात. ओल्या नारळाच्या करंज्या, म्हणजे गोव्याकडील नेवऱ्या, सर्वांत शेवटीं. त्या लवकर खराब होतात. कुलकुलांविषयीं एक विशेष सांगण्यासारखें आहे. पिठाचे लहान गोळे कांट्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या पाठीवर दाबून गुंडाळावयाचे, हें काम एकट्या बाईनें केलें तर कंटाळवाणें; पण आजीपासून नातवापर्यंत सर्व मंडळी परातीभोंवतीं बसलीं, तर त्याच दोन तासांत काम होतें, गाण्यांचा सराव होतो आणि जुन्या नाताळांच्या हकीकती मुलांच्या कानांवर पडतात. ज्या कामांत माणसें एकत्र येतात तें करावें. ज्यांत माणसें एकमेकांपासून दूर जातात, तें विकत आणण्यास कांहींच हरकत नाहीं. चकलीचा सोऱ्या घेऊन मध्यरात्रीं एकटीच बसलेली सून हें धार्मिक दृश्य नव्हे.

येथें मार्था व मरीया या बहिणींची गोष्ट कोणासही आठवेल. ती लूकाच्याच दहाव्या अध्यायांत आहे, आणि बहुधा मार्थेवर अन्याय करून सांगितली जाते. प्रभूनें तिच्या स्वयंपाकास नांवें ठेवलेलीं नाहींत. पुष्कळ गोष्टींनीं तिचें मन ओढलें जाऊन तिचा जीव कासावीस झाला होता, याबद्दल तो तिच्याशीं ममतेनें बोलला. ज्या पाहुण्यासाठीं चूल पेटविली, त्याच्याशीं दोन शब्द बोलावयास तिला सवड उरली नव्हती. त्या घरांत एका पदार्थानें कमी जेवण झालें असतें तर कोणाचें कांहीं बिघडलें असतें, असें वाटत नाहीं.

याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत दुसरी एक हकीकत आहे, ती या चर्चेंत क्वचितच येते. आपण आई होणार हें कळल्यावर येशूची माता मरीया हिनें प्रथम काय केलें? ती डोंगराळ प्रदेशांतील आपल्या वृद्ध नातलग अलीशिबेकडे गेली आणि सुमारें तीन महिने तिच्याजवळ राहिली. पहिल्या नाताळच्या तयारीचें शास्त्रांत नोंदलेलें पहिलें काम तें असें होतें : एका म्हाताऱ्या, दिवस गेलेल्या बाईच्या घरीं जाऊन राहणें. या कसोटीवर डिसेंबरच्या याद्या तपासून पाहिल्या तर बहुतेक घरांत तें काम यादीच्या तळाशीं सांपडतें, कारण त्याला आठवण करून देणारें दुकान नाहीं आणि त्याच्यासाठीं शिंपीही तगादा लावीत नाहीं. ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला आहे तेथील पहिला नाताळ, इस्पितळांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेच्या मुलांचा नाताळ, ज्याचीं मुलें परदेशीं आहेत अशा जोडप्याचा नाताळ, हे सर्व शेजारींच असतात. त्यांना वेळ द्यावयाचा तर तो दिनदर्शिकेंत तारीख घालूनच द्यावा लागतो. उरलेला वेळ देऊं म्हटल्यास तो उरत नाहीं.

पाळकाच्या व धर्मगुरूच्या घराचें काय, असा प्रश्न येथें निघेल. कारण इतरांचा सण त्यांचें काम असतें. प्रारंभींच्या मंडळीस हीच अडचण आली होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें रोजच्या अन्नवांटपांत कांहीं विधवांची उपेक्षा होऊं लागली, कुरबूर सुरू झाली, आणि वचनाची सेवा व पंक्तीची सेवा हीं दोन्ही कामें बारा प्रेषितांच्यानें होईनात. त्यांनीं यादी लांबविली नाहीं, रात्रींही जागविल्या नाहींत. सात माणसें निवडून पंक्तीचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. ज्या मंडळींत सजावट, गाणीं, मुलांचें नाटक आणि गरिबांस धान्य या चारही गोष्टींसाठीं पाळकाच्या पत्नीकडेच बोट दाखविलें जातें, तेथें हा अध्याय डिसेंबरच्या आरंभीं वाचावयास हवा. त्या सातांपैकीं पहिलें नांव स्तेफनाचें. आणि पाश्चात्य पंचांगांत त्याचा स्मरणदिवस आहे २६ डिसेंबर. विधवांच्या अन्नाची काळजी वाहण्यासाठीं नेमलेल्या माणसाचा दिवस नाताळच्या लगेच दुसऱ्या दिवशीं यावा, हा योगायोग असला तरी उपयोगी आहे. रजेचा तो एक दिवस २६ ला काढला, आणि आदल्या दिवशींचा डबा घेऊन त्या राहून गेलेल्या मावशीकडे गेलें, तर तिलाही कळेल कीं पाहुणा घाईंत नाहीं.

मुलांना वाट पाहावयास लावणें कठीण, ही तक्रार मात्र खरी आहे. जर्मनींत हॅम्बुर्ग शहरीं योहान हिन्रिख विखर्न हा धर्मोपदेशक निराधार मुलांचें वसतिगृह चालवीत असे. नाताळ केव्हां येणार, म्हणून मुलें रोज विचारीत. १८३९ सालीं त्यानें लांकडाचें एक मोठें चाक टांगून त्यावर रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान तांबड्या मेणबत्त्या लावल्या, व रोज एक अधिक पेटवावयास आरंभ केला. त्या वर्षीं आगमनकाल १ डिसेंबरला सुरू झाला होता, म्हणून हिशेब बरोबर चोविसांचा. आज चार मेणबत्त्यांचें आगमनकालाचें जें वर्तुळ अनेक प्रार्थनामंदिरांत दिसतें, त्याचें मूळ यांत आहे. मुलांना त्यामुळें मोजणी आली, आणि वाट पाहण्यालाही एक रूप आलें. घरीं चाक नको. चार मेणबत्त्या, आणि रोज रात्रीं पांच मिनिटें सर्वांनीं एकत्र बसणें एवढें पुरतें. साठ तासांतून तेवढीं मिनिटें काढलीं तर सर्व दिवसांचे मिळून दोन तासही होत नाहींत.

बारा दिवसांचा नाताळ ही केवळ जुन्या ग्रंथांतली गोष्ट आहे असें कोणास वाटत असेल, तर त्यानें गोव्याकडे पाहावें. तेथें आगमनकालांतही ३ डिसेंबरला जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियरचें फेस्त आणि ८ डिसेंबरला पणजीस मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाचें फेस्त असतें. म्हणजे तेथील गृहिणींनाही मोकळा वेळ भरपूर आहे असें नव्हे. तरी नाताळ २५ ला संपत नाहीं. ६ जानेवारीस रेइश मागुश, चांदोर आणि कांसावली या गांवांत तीन राजांचें फेस्त होतें. मुकुट घातलेले तीन मुलगे राजांच्या वेषांत घोड्यांवर बसून येतात, वाद्यें वाजतात, आणि आजूबाजूच्या गांवांतील लोक पाहावयास लोटतात. तोंवर घरांतला गोठा मांडलेला असतो, दारावरचा कागदी तारा रात्रीं उजळत असतो, आणि डब्यांत दोदोलाच्या चार वड्या पाहुण्यांसाठीं जपून ठेवलेल्या असतात.